मदत हवी आहे: १४ सेकंदांच्या क्लिपवरून कॉपीराइट स्ट्राईक, घरचा पत्ता न देता उत्तर कसं द्यायचं?

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, वडगाव भागातला. नोकरी सांभाळून इकडच्या बातम्यांचा छोटा व्हिडिओ चॅनेल चालवतो, मराठीतनंच. यंदापण बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात घुसलं, नुकतीच रोप लागण झालेलं भात चार दिवस पाण्याखाली, बांध कुठला आणि शेत कुठलं कळेना. उन्हाळ्यात एका बैठकीत 'पावसाआधी गाळ काढतो' म्हणून सांगितलेलं, त्याची १४ सेकंदांची क्लिप मी एका स्थानिक चॅनेलची घेतली, कोपऱ्यातला त्यांचा लोगो तसाच ठेवला, नावपण घेतलं आणि लगेच पुढं कुजलेल्या रोपांचं माझं शूटिंग लावलं. एवढंच केलं बघा. तिसऱ्या दिवशी स्ट्राईक, म्हणजे कॉपीराइटच्या तक्रारीवरून साईटची कारवाई, ९ मिनिटांचा अख्खा व्हिडिओ गायब.

साईट अमेरिकेची, म्हणून तिकडचा १९९८ चा डीएमसीए हा कॉपीराइट कायदा. काउंटर नोटीस (तक्रार चुकीची आहे असं लेखी उत्तर) टाकली आणि समोरच्यानं केस केली नाही तर १० ते १४ कामाच्या दिवसांत व्हिडिओ परत येतो म्हणे, पण त्यात खरं नाव, पत्ता, फोन सगळं लिहायचं आणि ते थेट तक्रारदाराकडं जाणार. बेळगाव केवढं ते, दिवसा घरी आई एकटीच असते.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली टीका आणि चालू घडामोडींच्या बातम्यांना सूट आहे की. पण त्याच कलमात मेख आहे, नुसत्या लेखी तक्रारीवर साईटनं मजकूर २१ दिवस बंद ठेवायचा, तोवर कोर्टाचा आदेश आला नाही तर पुन्हा चालू करता येतो. अहो, २१ दिवसांत इथलं पाणी ओसरून जातंय, मग तो व्हिडिओ बघणार कोण?

आम्ही चारपाचजण याविरुद्ध निवेदन द्यायचं म्हणतोय. कॉपीराइट केंद्राच्या यादीत, म्हणजे बेंगळूरलाही नको आणि मुंबईलाही नको, सरळ दिल्ली (आपल्याला सवय आहे म्हणा). मागणी नेमकी काय लिहायची? आणि पत्त्याचं काय करू?

प्रतिसाद १:
काउंटर नोटीस वकिलामार्फत टाका, त्यांच्या ऑफिसचा पत्ता चालतो का ते त्यांनाच आधी विचारा. आणि क्लिप काढून, बैठकीत काय ठरलं ते स्वतःच्या तोंडानं सांगून नवा व्हिडिओ आजच टाका. माहितीवर कुणाचा कॉपीराइट नसतो. बिनबुडाची धमकी देणाऱ्यावर उलट दावा लावायला कलम ६० आहे, वकिलांच्या कानावर घाला.

प्रतिसाद २:
निवेदनात 'कॉपीराइट रद्द करा' असलं कायतरी लिहू नका, आपल्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग कुणी ढापलं तर आपणच बोंबलणार. खोट्या तक्रारीला दंड आणि मजकूर काढायच्या आधी समोरच्याचं म्हणणं ऐकणं, या दोनच मागण्या धरा. अमेरिकेत 'सोपा' आणि 'पिपा' (SOPA, PIPA) हे ऑनलाइन पायरसीविरोधी कायदे येत होते तेव्हा १८ जानेवारी २०१२ ला इंग्रजी विकिपीडिया दिवसभर बंद ठेवलेला, दोन दिवसांत तिथलं मतदान पुढं ढकललं गेलं. तेवढा दाखला द्या.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. क्लिपशिवायचा व्हिडिओ रात्री टाकतो. वकील ओळखीचे आहेत, पण आधी विचारतील, "तू कुठल्या भाषेत शिव्या दिल्यास?"