बेळगावात शिकताना काय आवडतं, काय खुपतं? तुमचे अनुभव लिहा

बारावीचा निकाल लागला की आमच्या खानापूरच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांचा एकच प्रश्न असतो. धाकटीला बेळगावातच ठेवणार, का कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पाठवणार? आई-बाबा माझ्याकडे बघतात. माझा एकटीचा अनुभव पुरेसा नाही, म्हणून सीमाभागात शिकणाऱ्या सगळ्यांना विचारतेय. मनापासून लिहा. सुरुवात मी करते.

मी राणी चन्नम्मा विद्यापीठात एम.ए. मराठी करते. 2010 साली धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठापासून हे वेगळं झालं. आमचे वर्ग भूतरामनहट्टीला, हायवेला लागून. शेजारीच प्राणिसंग्रहालय, मागे टेकड्या, पावसाळ्यात तर नजर हटत नाही. पण मला सगळ्यात जास्त आवडतं ते वर्गातलं बोलणं. पुण्याचे मावसभाऊ लहानपणी माझ्या ‘काय करुलास?’ला हसायचे, मी गप्प व्हायचे. बोलींचा पेपर आला तेव्हा सरांनी तेच क्रियापद फळ्यावर लिहिलं आणि तासभर त्यावर बोलले. त्या दिवशी मी घरी जाऊन आजीला तिचेच शब्द विचारून वहीत उतरवायला बसले. आता दोन वह्या भरल्यात.

खुपतो तो प्रवास. खानापूर ते बेळगाव, तिथून पुन्हा साधारण 18 किलोमीटर. सकाळी साडेसहाला घर सोडते. संध्याकाळी हायवेवर हात दाखवून उभं राहायचं आणि भरलेल्या गाड्या समोरून जाताना बघायच्या. पावसात छत्री उलटी होते आणि घरून फोन सुरू होतात. आता तुमच्याकडून आलेले अनुभव.

निपाणी, इंजिनिअरिंग
बेळगावजवळच्या मच्छेचं व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, 1998 सालचं. राज्यभरातली कॉलेजं त्याला जोडलेली, त्यातल्या एकात मी आहे. स्वायत्त कॉलेजं सोडली तर अभ्यासक्रम सगळीकडे एकच, त्यामुळे बेंगळुरूच्या पोरांसमोर आपण कमी पडतोय असं वाटत नाही. हे मला फार आवडतं. पण आमच्या कॉलेजात फी भरायची तारीख नोटीस बोर्डावर फक्त कन्नडमध्ये लागली होती. शाळेत कन्नड शिकलोय, पण ते पाठ्यपुस्तकातलं. ऑफिसातलं कन्नड वेगळंच असतं. दंड भरावा लागला. माझा रूममेट विजापूरचा. त्यानं त्या दिवसापासून रोज जेवणानंतर एक नोटीस वाचून घेतली, शब्द चुकला की पुन्हा. आता मीच ज्युनिअर पोरांना वाचून दाखवतो.

येळ्ळूर, बी.ए. झालेला
2021 ला प्रवेश घेतला तेव्हा पदवी चार वर्षांची म्हणून सांगितली, वाटलं तर तीन वर्षांनी बाहेर पडा. 2024 ला धाकटा भाऊ आला, तर राज्यात पुन्हा तीन वर्षांची पदवी! मी तीन वर्षांनी थांबलो. चौथं करायला हवं होतं का, हे अजून कोणी नीट सांगत नाही.

शिनोळी, बी.कॉम.
आमचं गाव चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. कॉलेज बेळगावच्या टिळकवाडीत. जून 2023 पासून कर्नाटकच्या साध्या बसमध्ये मुलींना तिकिटाचे पैसे नाहीत, पण आधार कार्डावर पत्ता कर्नाटकचा लागतो. एकाच सीटवर मैत्रीण फुकट आणि मी पैसे मोजून. तिचा काही दोष नाही, पण महिन्याचा हिशेब वडिलांना सांगताना जड जातं. त्याहून जास्त त्रास स्कॉलरशिपचा. कर्नाटकच्या ऑफिसात म्हणतात महाराष्ट्रात विचारा, तिकडचे म्हणतात तुमचं कॉलेज आमच्याकडे नाही. दोन वर्षं नुसते कागद फिरतायत.

आवडतं म्हणाल तर बेळगावचं सार्वजनिक वाचनालय. 1848 सालचं. एक तास मोकळा मिळाला की मी तिथं. गावात रोजचा पेपरसुद्धा दुपारी येतो.

कंग्राळी, धारवाडला हॉस्टेलवर
मी शहराबाहेर गेले म्हणून सांगते, बेळगावची आठवण जेवणात येते. सुरुवातीला जोळद रोट्टी, म्हणजे तिकडची ज्वारीची भाकरी, घशाखाली उतरायची नाही, मी रडायचे. मेसमधल्या मावशी रोज कन्नडमध्ये विचारायच्या, ‘ऊटा आत्री?’ म्हणजे जेवण झालं का? खोटं बोलले की ताटात शेंगा चटणी वाढून समोर बसायच्या. मराठी त्यांना येत नाही. परवा सुट्टीला घरी गेले तेव्हा कुंद्याचा डबा त्यांच्यासाठी बांधून घेतला, आणि आई जेवण करून ओट्याशी आली तर तोंडातून निघून गेलं, ‘ऊटा आत्री?’