खरवडून काढलेली गाठ परत का येते?

वहिनींच्या खालच्या जबड्यातला अमेलोब्लास्टोमा (दात बनवणाऱ्या पेशींपासून होणारी जबड्याची गाठ) ४ वर्षांपूर्वी खरवडून काढला आणि आता परत दिसतोय, तर ‘ऑपरेशनच चुकलं का?’ असं तुम्ही विचारलंय. तसंच असेल असं नाही. या गाठीच्या पेशी एक्स-रेवर दिसणाऱ्या कडेच्या पुढे, पोकळ जाळीदार हाडात काही मिलिमीटर शिरलेल्या असतात. खरवडताना त्या मागे राहतात. म्हणून घन (भरीव) प्रकारात साधारण १ ते २ सेंटिमीटर निरोगी हाडासकट भाग कापतात, मग तिथे टायटॅनियम प्लेट आणि बहुधा पायाचं फिब्युला हाड (पोटरीतलं बारीक हाड) बसवतात. ऐकायला भयंकर वाटतं खरं. एककोशीय (एकाच पोकळ पिशवीसारख्या) प्रकारात पेशी पिशवीच्या भिंतीत शिरल्या नसतील तर मात्र कमी कापूनही भागतं.

तेव्हा आधी जुना बायोप्सी रिपोर्ट काढा, प्रकार बघा. इंदूरच्या सरकारी डेंटल कॉलेजात दाखवायला जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. जुन्या स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) लॅबमधून मागून घ्या, जुना ओपीजीही (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) न्या. सीटी नवा लागेलच.

ऑपरेशननंतर निदान १० वर्षं तपासणी चालू ठेवा. दुखायची वाट बघू नका, ही गाठ बहुतेकदा न दुखताच वाढते.