शब्दचर्चा: हिब्रू ‘एमूना’ म्हणजे विश्वास, श्रद्धा की इमान?

प्रश्न: बायबलच्या निर्गम या पुस्तकात १७:१२ मध्ये मोशेच्या हातांबद्दल ‘एमूना’ आलंय, तिथे मराठीत हात ‘स्थिर’ राहिले. हबक्कूक २:४ मध्ये तोच शब्द ‘विश्वास’ होतो. एकाच शब्दाचे इतके लांबचे अर्थ कसे?

प्रतिसाद: लांबचे नाहीत. धातू अ-म-न, गाभा ‘पक्कं असणं, भार पेलणं’. अमालेकी टोळीशी झालेल्या लढाईत मोशेचे साथीदार अहरोन आणि हूर यांनी ते हात सूर्यास्तापर्यंत धरून ठेवले, म्हणजे हात ढळले नाहीत. तोरेच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत हे नाम दोनदाच येतं. दुसरी जागा ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, ३२:४, तिथे ते देवाबद्दल आहे. दोन्हीकडे माणसाच्या मनातल्या मान्यतेचा संबंध नाही. ‘आमेन’ही याच धातूचा.

प्रतिसाद: मग मराठीत ‘इमान’ का नको? अरबी ‘ईमान’ याच सेमिटिक धातूचा. ‘अनामत’ही (मूळ अमानत) त्याच घरातला. २ राजे १२:१५ पाहा. मंदिराच्या डागडुजीचे पैसे कारागिरांना द्यायला सोपवत, त्या मुकादमांकडून हिशेब घेत नसत, कारण ते ‘बे-एमूना’ (एमूनेने; इथलं ‘बे-’ नकाराचं नाही) वागत. ‘इमानेइतबारे’ इतका नेमका शब्द दुसरा नाही.

प्रतिसाद: त्या ओळीत बसतो, सगळीकडे नाही. हातांना इमान कसं लावणार? आणि क्रियापद वेगळं तपासा. याच धातूच्या ‘हेएमीन’ या क्रियापदापुढे ‘बे-’ (मध्ये, वर) हे अव्यय आलं तर बहुधा व्यक्तीवर भिस्त ठेवणं (उत्पत्ति १५:६, अब्राम). ‘ले-’ (ला) आलं तर सांगितलेलं खरं मानणं (उत्पत्ति ४५:२६, योसेफ जिवंत आहे हे याकोबाला पटेना). नियम पोलादी नाही. अनुवाद ९:२३ मध्ये देवाबद्दलही ‘ले-’ आहे. म्हणून आधी कर्ता, मग अव्यय, कोश शेवटी. कोशातला पहिला अर्थ सगळीकडे चिकटवला की हमखास घोटाळा होतो.

प्रतिसाद: इतिहासाच्या बाजूने यशया ७:९ सोडू नका. इ.स.पू. ७३५च्या आसपास अराम आणि उत्तरेचं इस्राएल ही राज्यं मिळून यहूदा राज्याच्या यरुशलेमवर चालून आली, तिथला राजा आहाज घाबरला. संदेष्टा यशया त्याला एकाच धातूची दोन रूपं ऐकवतो: ‘ताअमीनू’ आणि ‘तेआमेनू’. मराठीत ‘टेकला नाहीत, तर टिकणार नाहीत’ असं काहीसं. आहाज टेकला तो अश्शूर साम्राज्यावर. तिथला सम्राट तिग्लथ-पिलेसर तिसरा याच्या शिलालेखात खंडणी देणाऱ्यांत यहूदाच्या राजाचं नावही आहे, आहाजचंच, ‘यहोआहाज’ असं पूर्ण रूपात. इथे एमूना ही राजकीय निवड आहे. तिला ‘श्रद्धा’ म्हटलं की प्रसंगाची धार जाते.

प्रश्नकर्ता: म्हणजे हबक्कूकमध्ये ‘निष्ठा’?

प्रतिसाद: हिब्रू पाठापुरतं हो, ‘निष्ठेने जगेल’ जास्त जवळचं. ग्रीक भाषांतरात ‘पिस्तिस’ (विश्वास) आलं, नव्या करारात प्रेषित पौलाने त्यावर मांडणी केली, आणि मराठी ‘विश्वास’ त्या वाटेने आला. आणि हो, वर दिलेलं २ राजे १२:१५ हिब्रू प्रतीत १२:१६ आहे. तिथे अध्याय एक ओवी आधी सुरू होतो.