वेंगुर्ल्यात दोन दिवस: काय बघावं?

प्रश्न (पुणेकर): डिसेंबरात आईबाबांसोबत वेंगुर्ल्याला जातोय. बाबांचे गुडघे दुखतात. समुद्र सोडून काय आहे?

उत्तर (माहेर वेंगुर्ला): आधी बाजारात जा. तिथलं ब्रिटिशकालीन क्रॉफर्ड मार्केट मुंबईच्या नावाचंच, पण चिमुकलं. मासे, भाजी, ओले काजू... थांबा, ओले काजू डिसेंबरात नाहीत, त्याला फेब्रुवारी-मार्च हवा. माझी आजी सुरमईचा भाव विचारायची आणि घ्यायची बांगडेच!

बंदरावर संध्याकाळी बसा, बाबांना चालावं लागणार नाही. मांडवी खाडीत महिलांचा बचतगट होडीतून कांदळवन दाखवतो. फेरी भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून आदल्या दिवशी विचारून ठेवा. डच वखार सतराव्या शतकातली, आता पडझड झालेली. बाहेरूनच बघा.

दुसऱ्या दिवशी रिक्षाने आरवली. तिथल्या ग्रामदैवताला, वेतोबाला, लोक केळी आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावात फेरी मारतो, म्हणून चपला झिजतात असं म्हणतात. लहानपणी मी त्या चपलांचे तळवे निरखून बघायचे. पुढे शिरोडा. १९३० चा मिठाचा सत्याग्रह तिथेच झाला, आणि वि. स. खांडेकर तिथल्या शाळेत शिक्षक होते.

उत्तर (कुडाळवाला): रेल्वेने येणार असाल तर कुडाळ किंवा सावंतवाडीला उतरा, वेंगुर्ल्याला स्टेशन नाही.

पुणेकर: आभार! आई विचारतेय, खटखटे लाडू कुठे मिळतील?

माहेर वेंगुर्ला: जत्रेत. डिसेंबर म्हणजे दशावतारी नाटकांचे दिवस, कुठल्या ना कुठल्या गावात जत्रा असतेच. बाबांसाठी खुर्ची मात्र न्या, नाटक पहाटेपर्यंत चालतं.