एकाच बाईच्या हातात 71 वर्षं: क्यूबाच्या बॅलेचं भलं झालं की नुकसान?

पहाटवारा:
क्यूबाच्या नॅशनल बॅलेचा विषय निघाला की सगळे तिच्या संस्थापक नर्तकी ॲलिशिया अलोन्सोच्या पाया पडतात. बाई थोर होत्या, ते मलाही मान्यच आहे. पण 1948 साली स्वतःच्या नावाने कंपनी काढली आणि 2019 मध्ये 98 व्या वर्षी गेल्या तोपर्यंत सूत्रं त्यांच्याच हातात! दिसत जवळजवळ नव्हतं तरी शेवटचा शब्द त्यांचाच, आणि कार्यक्रमात वर्षानुवर्षं तेच जिझेल, तेच स्वान लेक, तेच डॉन किहोते, सगळे जुने ठरलेले बॅले. 2013 मध्ये मेक्सिकोच्या दौऱ्यावर गेलेले सात डान्सर परतलेच नाहीत, त्यातले बरेच जण अमेरिकेत गेले. पैशाचा प्रश्न होताच, पण एवढंच कारण असेल असं मला वाटत नाही. देशाची संस्था एका माणसाची वहिवाट होऊ नये.

डोंबिवलीकर:
तुम्ही शेवट बघताय, सुरुवात बघा ना. विशीच्या आत-बाहेर असताना डोळ्याचा पडदा सुटला, ऑपरेशनं झाली, डोळ्यांवर पट्ट्या बांधून महिनोन्महिने निपचित पडून राहायचं, मान हलवायची नाही. त्या अवस्थेत नवरा फर्नांडो शेजारी बसायचा आणि ही बाई चादरीवर दोन बोटांनी जिझेलच्या स्टेप्स करायची, पाय हलवता येत नाहीत म्हणून बोटं! मग 1943 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला जिझेल करणारी प्रसिद्ध नर्तकी मार्कोव्हा आजारी पडली आणि हिला ऐनवेळी जिझेल म्हणून उभं केलं. पुढे रंगीत दिव्यांच्या अंदाजाने स्टेजवर जागा ओळखून सत्तरी ओलांडेपर्यंत नाचली. अहो, घराणं अशाच एका माणसाच्या हट्टातून उभं राहतं.

रुपेरी:
+1. आणि पैशाचं पण बघा. क्यूबाचा तेव्हाचा हुकूमशहा बातिस्ता, त्याच्या सरकारने 1956 मध्ये अनुदान तोडलं तेव्हा कंपनी बंद पडली होती. क्रांतीनंतर कॅस्ट्रोने दोन लाख डॉलर दिले, पण ते टिकवून त्यातून फुकट शिक्षण देणाऱ्या शाळा उभ्या राहिल्या हे महत्त्वाचं. कार्लोस अकोस्टा हा हवानातल्या ट्रक ड्रायव्हरचा मुलगा. पोरगं रस्त्यावर वाया जाईल म्हणून बापाने बॅलेच्या शाळेत घातला, तिथे जेवणही मिळायचं. तोच पुढे लंडनच्या रॉयल बॅलेचा स्टार झाला. फी भरावी लागली असती तर तो त्या दारात तरी गेला असता का?

पहाटवारा:
रुपेरी, शाळांबद्दल शंभर टक्के मान्य. पण ती शिकवण्याची पद्धत, रशियन, इटालियन, फ्रेंच, इंग्लिश सगळ्यातलं घेऊन क्यूबन शरीराला जमेल अशी बसवली ती मुख्यतः फर्नांडोने. सत्तरच्या दशकात दोघं वेगळे झाले आणि तो माणूस हवाना सोडून कामागुए शहरातल्या बॅले कंपनीत गेला. आज किती जणांना त्याचं नाव माहितीये? हवानाच्या मोठ्या थिएटरला 2015 मध्ये नाव दिलं तेही ॲलिशियाचंच.
आणि डोंबिवलीकर, घराण्याचं म्हणताय तर मी स्वतः 11 वर्षं कथक शिकलेय. आमच्याकडे शिष्य बाहेर पडून स्वतःचं काही करू लागला की गुरू रुसतात, पण निदान गुरुपौर्णिमेला तो घरी येऊ शकतो. तिथे दौऱ्यावरून परतला नाही की कंपनीचं दार बंद व्हायचं. एवढ्या तालमीत तयार झालेली माणसं अशी गमावायची, याचं मला खरंच वाईट वाटतं.

डोंबिवलीकर:
फर्नांडोचं पटलं, माझ्याकडून ते राहिलंच. पण दार बंद करण्याचा नियम सरकारचा, तो तिच्या नावावर का टाकायचा?

पहाटवारा:
नियम सरकारचा असेल, पण वारसदार वेळेत तयार करणं तर हातात होतं? कंपनीतली नर्तकी व्हिएंगसाय वाल्देसला 2019 च्या जानेवारीत उपसंचालक केलं, म्हणजे बाई जायच्या जेमतेम नऊ महिने आधी. हे 20 वर्षं आधी व्हायला हवं होतं.

डोंबिवलीकर:
उशीर झाला, मान्य. पण ती वाल्देस त्याच शाळेत शिकून त्याच कंपनीत मोठी झाली की.