मदत हवी आहे: गेम चालू असताना कोड रीलोड केला की निम्मे गोविंदा जुन्याच कोडवर चालतात

नमस्कार मंडळी, इथे सी प्लस प्लसमध्ये गेम लिहिणारं कोणी आहे का? भांडुपला राहतो, नोकरी सांभाळून रात्री दहीहंडीचा छोटा टूडी गेम करतोय, लिनक्सवर, इंजिन वगैरे नाही, फक्त एसडीएल (खिडकी, चित्र, आवाज सांभाळणारी लायब्ररी). खरी गंमत वरच्या थरांत आहे, सहावा थर चढायला लागला की खालच्यांचे गुडघे किती वाकायचे, तोल कधी जायचा हे आकडे सारखे बदलावे लागतात आणि दर बदलाला गेम बंद करा, कंपाइल करा, परत पाच थर रचा. डोक्याला ताप नुसता.

म्हणून गेमचा कोड वेगळ्या एसओ फाइलमध्ये (चालू प्रोग्रॅमला जोडता-काढता येणारी लायब्ररी) काढला, सगळी स्टेट, म्हणजे कोण कुठे कसा उभा ही माहिती, होस्टच्या (ती लोड करणाऱ्या मुख्य प्रोग्रॅमच्या) मेमरीत. फाइल बदलली की डीएलक्लोजने जुनी उतरवायची, डीएलओपनने नवी चढवायची, मग डीएलसिमने अपडेट फंक्शनचा पत्ता घ्यायचा. नाव तेच ठेवलं तर जुनाच कोड परत मिळत होता, म्हणून आता दर बिल्डला नवीन नावाने कॉपी करून लोड करतो.

आता लोड होतं, पण आधीपासून उभे असलेले गोविंदा जुन्या नियमाने वाकतात आणि नंतर चढणारे नव्या! डीएलक्लोज शून्य देतं म्हणजे एरर नाही, तरी प्रोसेसच्या मॅप्समध्ये (मेमरीत काय काय चढलंय त्या यादीत) जुनी एसओ ठाण मांडून बसलेली दिसते. आणि मित्राच्या विंडोजवर हाच प्रकार डीएलएल (विंडोजवरची एसओ) करून बघितला तर तिथे रीलोड झाल्या झाल्या सरळ क्रॅश. गोविंदाच्या क्लासमध्ये वर्च्युअल फंक्शन्स (कुठलं चालवायचं ते ऑब्जेक्टवरून आयत्या वेळी ठरतं ती) आहेत, त्याचं काही आहे का?

प्रतिसाद:
त्याचंच आहे. ऑब्जेक्ट बनतो तेव्हा त्यात व्हीटेबलचा (वर्च्युअल फंक्शन्सच्या तक्त्याचा) पत्ता बसतो, तो त्या वेळच्या एसओमधला. विंडोजवर जुनी डीएलएल खरंच उतरते म्हणून क्रॅश, तुमच्याकडे ती उतरतच नाही म्हणून जुना कोड बिनबोभाट चालतो. जीसीसी कंपाइलर टेम्प्लेट आणि इनलाइन फंक्शनमधल्या स्टॅटिक व्हेरिएबलना युनिक सिम्बॉल (अख्ख्या प्रोसेसमध्ये एकच प्रत) करतो, असं एक जरी असलं की लायब्ररी उतरत नाही. रीडएल्फमध्ये (एसओच्या आतलं दाखवणारं टूल) युनिक लिहिलेलं दिसेल. कंपाइल करताना हे बंद करणारा नो-ग्नू-युनिकवाला फ्लॅग टाका, मग तुमच्याकडेही क्रॅश होईल आणि तो झालेला बरा, निदान चूक दिसते तरी. वर्च्युअल काढून साधा स्ट्रक्ट, प्रकारासाठी ईनम (प्रकारांची ठरावीक यादी) आणि त्यावर स्विच. फंक्शन पॉइंटर किंवा स्ट्रिंग लिटरलचा पॉइंटर स्टेटमध्ये ठेवू नका, तेही एसओबरोबर जातात. आणि स्ट्रक्टमध्ये नवीन फील्ड मध्येच घातलं तर मुकाट्याने रीस्टार्ट करा.

धागाकर्ता:
फ्लॅग टाकला, पहिल्याच रीलोडला गेम आडवा 😀 स्विच लिहायला घेतो. एक राहिलंच, ढोलताशाचा आवाज वेगळ्या थ्रेडवर आहे आणि एसडीएलला दिलेला ऑडिओ कॉलबॅक (आवाज हवा की एसडीएल बोलावतं ते फंक्शन) एसओमध्येच आहे, तो पण होस्टमध्ये हलवायला लागेल ना?