दोघांनाही चेंडू, आणि पुरेसा वेळही
अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये बरोबरी झाली की ओव्हरटाइम (जादा वेळ) खेळतात आणि पहिला चेंडू कोणाला हे नाणेफेकीवर ठरतं. ‘नाणेफेक हरलात तर बचाव करून दाखवा’ असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. २३ जानेवारी २०२२ चा बिल्स-चीफ्स प्लेऑफ (बाद फेरीचा) सामना आठवा. शेवटच्या दोन मिनिटांत दोघांचे मिळून २५ गुण! १३ सेकंद उरले असताना बिल्स पुढे होते, तरी बरोबरी झाली. ओव्हरटाइमची नाणेफेक चीफ्सनी जिंकली, थेट टचडाउन (सहा गुण) केला आणि तेव्हाच्या नियमाने सामना तिथेच संपला, ४२-३६. बिल्सचं आक्रमण चालवणाऱ्या जॉश ॲलनच्या हाती चेंडू आलाच नाही. तो इतका सुंदर खेळला होता की अजून हळहळ वाटते.

मग दोघांनाही चेंडू मिळावा म्हणून प्लेऑफसाठी नियम बदलला, तो २०२५ पासून साखळी सामन्यांनाही लागू झाला. पण तिथे ओव्हरटाइम दहाच मिनिटांचा. पहिल्या संघाने सात-आठ मिनिटं खाल्ली तर दुसऱ्याला उरतं काय? डिसेंबरात एकेका निकालावर प्लेऑफचं गणित फिरतं. प्लेऑफसारखी तिथेही पूर्ण पंधरा मिनिटं द्या.